धावड्याची समोरची बाजू

झाडाला समोरची बाजू असते, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. तोवर मी झाडांकडे जिथून दिसतील तिथून बघत असे आणि त्यात कोणाचं काही बिघडत नसे.

नोकरी कसली, ते आधी सांगते. कारण ती सांगितली की लोक थोडा वेळ थांबतात आणि विचारतात, “ते झालं, पण काम काय करायचीस?” कागदावर मी रोपवाटिकेत रोजंदारीवर होते. प्रत्यक्षात मी एका साहेबांच्या बंगल्याच्या मागच्या व्हरांड्यात बसून त्यांच्या पत्नीची, म्हणजे मॅडमची, बोन्साय सांभाळत असे. साहेब जंगलखात्यातले होते. त्यांचं पद आणि बंगल्याचं गाव सांगत नाही. आमच्या भागात साहेब पुष्कळ होते आणि प्रत्येकाला व्हरांडा होता, एवढं पुरे.

हे काम मला वनस्पतिशास्त्राच्या पदवीमुळे मिळालं असं घरचे समजत होते. मॅडमनी मुंबईहून बोन्सायचं एक जाड इंग्रजी पुस्तक आणलं होतं. बंगल्यात ते वाचणारं कोणी नव्हतं आणि मी इंग्रजी शाळेत शिकलेली होते. मॅडमनी एक पान मोठ्याने वाचायला सांगितलं. त्यांना माझे उच्चार आवडले. अर्थ त्यांनी विचारला नाही. शिवाय मी कमी बोलते, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं आणि पसंत पडलं. बंगल्यात बोलणारी माणसं पुरेशी होती.

बोन्साय म्हणजे उपाशी ठेवून खुरटवलेलं झाड, असं आपल्याकडे समजतात. उपाशी ठेवलं तर ते मरतं. त्याला खायला-प्यायला नीट द्यायचं, पण वाढ कुठे आणि किती हे आपण ठरवायचं. मुळं छाटायची, शेंडे खुडायचे, फांद्यांना तांब्याची तार गुंडाळून हव्या त्या दिशेला वळवायचं. तार जपानची असावी असं पुस्तकात होतं. आमची तार पंख्यांच्या जळलेल्या मोटारींतली असे. वाइंडिंगच्या दुकानातून माळी ती आणायचा आणि मी ती गोवऱ्यांच्या विस्तवात भाजून मऊ करायची. काही महिन्यांनी तार काढली की फांदी तशीच राहते. म्हणजे राहावी अशी अपेक्षा असते.

आजूबाजूच्या बंगल्यांत माझं नाव झालं तसे लोक सल्ल्याला येऊ लागले. एका इंजिनियरच्या पत्नीला सागाचं बोन्साय हवं होतं. सागाचं पान जेवायच्या ताटाएवढं होतं, हे मी हळू आवाजात सांगितलं. त्यांनी ते ऐकलं नाही, किंवा मी फारच हळू सांगितलं. वर्षभराने त्यांच्या दिवाणखान्यात बशीत एक काठी आणि तिच्यावर दोन पापड असं काहीतरी उभं होतं. एक लाकडाचे ठेकेदार आले. सगळ्या कुंड्या बघून म्हणाले, “छान आहे. पण जरा मोठं असतं तर उठून दिसलं असतं.” झाडाकडे ते तसंच बघत आले होते. आता वाटतं, एवढी प्रामाणिक दाद त्या व्हरांड्यात दुसऱ्या कोणी दिली नाही.

मॅडमचं दुःख वेगळं होतं. आमच्या एका जिल्ह्याचे दोन झाले तेव्हा सगळ्यांच्याच कचेऱ्यांत खुर्च्या, कपाटं आणि फायली वाटून घ्यायचं काम चाललं होतं. ते करताना साहेबलोकांच्या क्लबातली जुनी बोन्सायही वाटली गेली आणि सर्वांत जुना वड ट्रकमधून वैनगंगेपलीकडे गेला. तो आता गडचिरोलीच्या एका मॅडमच्या ताब्यात होता आणि नागपूरच्या प्रदर्शनात त्याने बक्षीस घेतलं होतं. आमच्या मॅडमना त्याच्याहून सरस झाड हवं होतं. असं झाड कुंडीत वाढवायचं म्हणजे एक आयुष्य लागतं. साहेबांची बदली त्याच्या कितीतरी आधी झाली असती. पुस्तकात यावर उपाय होता. जंगलात निसर्गानेच खुजं करून ठेवलेलं म्हातारं झाड शोधायचं, ते मुळांसकट काढून आणायचं आणि मग त्याचा आराखडा करायचा. प्रदर्शनात अशा झाडांचा विभागच निराळा असतो, आणि मानाचा असतो.

झाड नाकेदाराने शोधलं. नाकेदार म्हणजे जंगलाचा शिपाई. आमच्याकडे साहेबापेक्षा लोक त्यालाच जास्त ओळखतात. सावली गावाच्या पलीकडे, धानाचं शेत जिथे संपतं आणि जंगल सुरू होतं तिथे, दगडांच्या ढिगातून एक धावडा वर आला होता. कमरेपेक्षा कमी उंच, बुंधा मात्र मांडीएवढा, आणि मुळांनी दगड असे आवळलेले की कोणी कोणाला धरलंय ते कळू नये. मी आजवर पुस्तकातही तसं झाड पाहिलं नव्हतं.

पाऊस पडायच्या आधी, झाड बोडकं असताना, आम्ही ते काढायला गेलो. मॅडम जीपमध्ये बसून होत्या. लक्ष्मणभाऊ, बंगल्याचा माळी, पहार घेऊन खाली उतरला. त्याचं घर तलावावर मासे धरणाऱ्यांचं. माळी तो साहेबांच्या मर्जीने झाला होता आणि कुठल्याही प्रश्नावर त्याचं उत्तर तयार असे. खणायला सुरुवात झाली तशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एक बाई आली. पन्नाशीची असेल. नाव यशोदाबाई. शेत तिचं होतं. पाण्याने भरणारा, धुऱ्याने बांधलेला धानाचा तुकडा, ज्याला बांधी म्हणतात, तो नेमका या ढिगाला येऊन टेकला होता.

“कुठी नेऊन राह्यले भाऊ?” तिने नाकेदाराला विचारलं.

“साहेबाच्या बंगल्यावर. नशीब काढलं झाडानं.”

“आन् माहं?”

“तुहं का?”

“ढिगाच्या इकडची बांधी माही, तिकडचं जंगल सरकारचं. झाड गेलं, ढीग गेला, त कोनाचं कुठी सरते हे कोन सांगन?”

“आमी सांगू ना.”

“त्याचंच त भेव हाय.”

तो ढीग साधा नव्हता, हे मला तेव्हा कळलं. जंगलाची हद्द दाखवायला जुन्या काळी असे ढीग ठरावीक अंतरावर रचलेले आहेत. त्यातला हा एक, आणि त्यातूनच झाड उगवलेलं. मी जीपजवळ जाऊन मॅडमना सांगितलं, की बाई म्हणते ही हद्दीची खूण आहे. मॅडम मला बेबी म्हणत. त्या म्हणाल्या, “हो का? मग तर छानच. बेबी, दगड सोडू नकोस हं. मुळांनी धरलेत ना ते? नॅचरल वाटतं.”

तेव्हा झाडाबरोबर ढीगही जीपमध्ये गेला. यशोदाबाईने हटून धरलं म्हणून नाकेदाराने खड्ड्यात एक खुंटी ठोकली. पहिल्या पावसात ती कोणाच्या तरी चुलीत गेली असावी.

झाड जगलं. पुढचा पाऊसकाळ आणि हिवाळा त्याला मी हात लावला नाही. नुसतं बघायचं, असं पुस्तकात होतं. आराखड्याचं पहिलं आणि सर्वांत अवघड काम तेच: झाडाभोवती फिरायचं आणि त्याची समोरची बाजू कोणती ते ठरवायचं. एकदा समोर ठरलं की बाकी सगळं त्यावरून ठरतं. पहिली फांदी कुठे, मागची कुठे, शेंडा बघणाऱ्याकडे किती झुकवायचा. समोर चुकलं तर सगळं चुकतं.

आमच्या धावड्याची पंचाईत अशी, की तो एकाच अंगाने झाड होता. एका बाजूला भरपूर फांद्या, फांद्यांना डहाळ्या, सगळं जसं हवं तसं. दुसऱ्या बाजूला काही नाही. नुसता बुंधा, त्यावर गाठी, खोबणी, जुने बुजलेले आणि ताजे घाव. साहेब एकदा चहाचा कप घेऊन मागे आले, बघून म्हणाले, “सगळं एकीकडेच वाढलंय. आमच्या बढत्यांसारखं,” आणि गेले.

असं का झालं असावं, यावर लक्ष्मणभाऊला शंका नव्हती. “वारा लागला बाई. उन्हाळ्यातला वारा पाह्यला का तुमी? मानूस उडून जाते. झाड बिचारं कुठी जाईन?”

पुस्तकातही वाऱ्यात वाढलेल्या झाडाची एक शैली होती, चित्रासकट. मला ते पटलं. मॅडमना तर फारच पटलं. वर्षानुवर्षं वादळाशी झुंज देणारं एकाकी झाड, अशी त्याची ओळख त्या क्लबात करून देऊ लागल्या. ऐकणारे हळहळत. आमच्या भागात वादळं येतात, पण ती सगळी एकाच बाजूने आणि नेमकी धावड्यावरच येतात का, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मला घावांची बाजू समोर घ्यावीशी वाटत होती. तिकडून बघितलं की झाडाचं वय दिसे. मी तसं चित्र काढून मॅडमना दाखवलं. त्यांनी ते लांब धरून पाहिलं. “बेबी, पाहुण्यांना आपण घराची मोरी दाखवतो का?” त्या म्हणाल्या. भरलेली बाजू समोर ठरली. बोडकी बाजू मागे गेली. पण मागे अगदीच फांदी नसली तर झाड सपाट दिसतं, म्हणून भरलेल्या बाजूची एक लांब फांदी तार गुंडाळून मागे वळवायची आणि बोडकेपणा झाकायचा, असा आराखडा झाला. मी तो केला. नीट केला. ती फांदी मोडू न देता बुंध्याला वळसा घालून आणायला मला आठवडे लागले आणि त्या वळणाचा मला आजही अभिमान आहे. आराखडा कसला होता, तो प्रश्न वेगळा.

त्याच उन्हाळ्यात खात्याने जुन्या ढिगांच्या जागी सिमेंटचे खांब रोवायला घेतले. ढीग विसकटतात, खांब टिकतात, ही कल्पना चांगलीच होती. माणसं ढिगापासून ढिगापर्यंत दोरी धरत गेली. यशोदाबाईच्या शेताच्या अलीकडचा ढीग मिळाला, पलीकडचा मिळाला, मधला मिळेना. मधला आमच्या व्हरांड्यात होता. हद्द तिथे जंगलाच्या बाजूला पोट काढून गेलेली होती आणि त्या पोटात यशोदाबाईची बांधी होती. दोरीला ते कसं कळावं? दोन टोकं मिळाली की दोरी सरळ होते. बांधी जंगलात गेली, आणि यशोदाबाईला तिच्यात पाय ठेवायला मनाई झाली.

ती बंगल्यावर आली तेव्हा पाऊस सुरू झाला होता. पुढच्या फाटकावर शिपायाने सांगितलं, साहेब दौऱ्यावर आहेत. ती वळसा घालून मागे आली, छत्री मिटली आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसली. समोर स्टुलावर धावडा होता. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली.

“काऊन बांधलं याले?” तिने तारेकडे बोट केलं. “पळून चाल्लं होतं का?”

लक्ष्मणभाऊ हसला.

“मले साहेबाले भेटाचं हाय.”

“साहेब नाईत,” लक्ष्मणभाऊ म्हणाला.

“मंग मी बसतो. माह्या झाडापाशीच बसलो हावो, कोनाच्या घरात नाई.” आमच्याकडच्या बाया स्वतःला ‘मी बसतो’, ‘मी जातो’ असंच म्हणतात. मला शाळेत ते चूक म्हणून शिकवलं होतं. तिच्या तोंडी मात्र ते अगदी बसल्यासारखं वाटे.

ती रोज सकाळच्या गाडीने येऊ लागली. ओरडणं नाही, रडणं नाही. चहा दिला तर घ्यायची, कप विसळून ठेवायची. मधूनमधून नुसतं सांगायची, “पऱ्हे मोठे होऊन राह्यले.” पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. ती एका कोपऱ्यात दाट पेरतात आणि वेळ आली की उपटून चिखलात लावतात, त्याला रोवणा म्हणतात. वेळ गेली की रोपं पिवळी पडतात आणि नंतर लावून उपयोग नसतो. गावात सगळ्यांचा रोवणा सुरू झाला होता. तिची ती एकच बांधी होती.

“तुमी का करता बाई इथी?” तिने एकदा मला विचारलं.

“झाड कसं दिसावं ते ठरवते.”

“आन् झाड आयकते?”

“कधी कधी.”

“बरं हाय. आमचा नाकेदार नाई आयकत.”

प्रदर्शन जवळ आलं होतं. एका रविवारी सकाळी मॅडमनी साहेबांना झाड बघायला मागे बोलावलं. यशोदाबाई पायरीवर होतीच. ती उठून उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगितलं: झाड, ढीग, दोरी, बांधी, पऱ्हे.

साहेब वाईट माणूस नव्हते. पण हद्दीची खूण हलवणं हा गुन्हा आहे, मग ती कोणीही हलवो. तेव्हा त्यांना जे म्हणावं लागलं ते त्यांनी म्हटलं. “बाई, तुमची काहीतरी चूक होतेय. हे झाड आमच्या नर्सरीतलं आहे.”

“नर्सरीतलं?” हा आवाज मॅडमचा होता.

साहेबांनी त्यांच्याकडे बघून भुवई किंचित उचलली. मॅडमना ती दिसली नाही.

“नर्सरीतली झाडं नवशिक्यांच्या विभागात जातात. मला नवशिक्यांच्यात बसवणार तुम्ही? गडचिरोलीच्या मॅडमच्या देखत?”

“तसं नाही म्हणत मी.”

“हे जंगलातलं आहे. मी स्वतः जीपमध्ये गेले होते. हद्दीच्या ढिगातून दगडांसकट उचललंय, क्लबात सगळ्यांना सांगितलंय मी. हे बघा ना दगड.”

लक्ष्मणभाऊने आधीच स्वच्छ असलेली एक कुंडी पुसायला घेतली.

“बाई सांगूनच राह्यल्या ना,” यशोदाबाई मॅडमकडे बोट करून म्हणाली. “मी का वेगळं सांगून राह्यलो?”

साहेबांना आता एखादा तज्ज्ञ हवा होता. ते माझ्याकडे वळले. “तू सांग. पुस्तक तू वाचतेस. नर्सरीतलं झाड असंही दिसू शकतं की नाही?”

सगळे माझ्याकडे बघू लागले की माझा आवाज जातो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तो तेव्हाही गेला. मी उठले आणि झाडाचा ट्रे दोन्ही हातांनी धरून स्टुलावर फिरवला. मागची बाजू पुढे आली.

यशोदाबाई वाकली आणि वळवून आणलेली फांदी तिने पडदा सारावा तशी बाजूला धरली. “हे मी तोडलं. हे बी मीच. हे जुनं हाय, सासूनं तोडलं असन; ते डावऱ्या हातानं तोडे, म्हनून असं तिरपं. धानावर सावली पडते ना साहेब, सावलीत धान नाई पिकत. म्हनून दरसाल इकडच्या अंगानं तोडाचं.”

“आणि दुसरी बाजू?” साहेबांनी विचारलं. विचारायला नको होतं, पण जंगलखात्याच्या माणसाला राहवलं नसावं.

“तिकडं सरकार हाय. तिकडची काडी जरी तोडली त नाकेदार केस करते. म्हनून तिकडचं नाई तोडलं. कवाच नाई.”

साहेबांनी झाड एका बाजूने पाहिलं. मग चालत जाऊन दुसऱ्या बाजूने पाहिलं. त्यांच्या खात्याचा कायदा इतक्या पिढ्या इतक्या काटेकोरपणे पाळला गेल्याचा दुसरा पुरावा अख्ख्या जिल्ह्यात सापडला नसता. “हं,” ते म्हणाले.

“म्हणजे वारा नव्हता?” मॅडमनी विचारलं. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. “किती लोकांना वारा सांगितलाय मी.”

साहेब दोन दिवस विचारात होते. मग त्यांनी जो मार्ग काढला तो काढायला खात्यातच वय जावं लागतं. पावसाळा होता आणि वृक्षारोपणाचे दिवस होते. झाड नर्सरीतलं आहे, हे ते बोलून बसले होते. ठीक आहे, नर्सरीतलं एक झाड हद्दीवर लावण्यात येईल. कुठून काही काढलं नव्हतं, म्हणून कुठे काही परत करायचं नव्हतं. एक झाड मात्र वाढत होतं. मॅडम आधी बोलेनात. वृक्षारोपण त्यांच्या हस्ते होईल आणि फोटोवाला बोलावला जाईल असं ठरल्यावर त्या साडी निवडायला गेल्या. प्रदर्शनाला त्यांनी चिंचेचं बोन्साय पाठवलं.

आदल्या संध्याकाळी मी तार कापून काढली. महिनोन् महिने वळवलेली फांदी सुटली आणि हळूहळू जंगलाच्या बाजूला परत गेली. पूर्ण नाही, अर्धी. तेवढं माझं काम टिकलं.

दुसऱ्या दिवशी शेताशी दोन जीप गेल्या. लक्ष्मणभाऊने झाड जुन्या खड्ड्यात बसवलं, भोवती दगड रचले. मॅडमनी तीन बोटांनी माती टाकली. साहेब चार शब्द बोलले. झाडं, पर्यावरण, पुढची पिढी. बांधीविषयी एक शब्द नाही. मनाई उठली की नाही, कोणी सांगितलं नाही आणि विचारायची कोणाची छाती नव्हती. पलीकडच्या धुऱ्यावर रोवणा करणाऱ्या बाया पऱ्ह्यांच्या जुड्या घेऊन रांगेत उभ्या होत्या आणि यशोदाबाई त्यांच्या पुढे. बांधीत चिखल तयार होता. पण पाय कोणी घालत नव्हतं. पऱ्हे आज लागले तर लागले, नाहीतर वाया गेले, एवढं मलाही कळत होतं.

फोटोवाला तालुक्याच्या गावातला होता. त्याने सगळ्यांना झाडाच्या मागे, जंगलाच्या बाजूला उभं केलं. मग इकडे तिकडे बघून म्हणाला, “मॅडम, समोरून घेतो. समोर कोणतं धरायचं?”

“बेबीला विचारा,” मॅडम म्हणाल्या. “ते तिचं काम आहे.”

मी बांधीकडे बोट केलं.

फोटोवाल्याने चिखलाकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि एक पाय उचलला.

“भाऊ,” यशोदाबाई म्हणाली. “पायताण काढा. माही बांधी हाय.”

तो पाय तसाच वर राहिला. त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब ओळीच्या मधोमध उभे होते, फोटोसाठीचं हसू त्यांनी आधीच लावून ठेवलं होतं. नाकेदार त्यांच्या तोंडाकडे बघत होता. ‘तुझी कशी?’ एवढंच कोणी म्हणायचं होतं. साहेबांनी हसू हलू न देता सांगितलं, “काढा ना मग. बाई म्हणतात तर.”

फोटोवाल्याने चपला काढून धुऱ्यावर ठेवल्या आणि तो बांधीत उतरला. त्याच्या मागोमाग, कोणी काही न सांगता, सगळ्या बाया उतरल्या. तो कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत रोवणा सुरू झाला होता.

“सरका भाऊ तिकडं,” कोणीतरी म्हणालं, “तिथी पऱ्हा लावाचा हाय.” तो सरकला. पुन्हा सरकला. तिसऱ्यांदा सरकून त्याने घाईघाईत बटण दाबलं.

दोरीच्या सरळ रेषेवर रोवलेला सिमेंटचा खांब नंतर उपटून धावड्याशेजारी आणला गेला. माझं काम त्या वर्षाअखेर संपलं, मॅडमनी गुलाबांकडे लक्ष वळवलं तेव्हा. फोटो मात्र मोठा करून दिवाणखान्यात लागला होता. त्यात सगळं खातं झाडाच्या मागे, आपल्या बाजूला, नीट उभं आहे. मधे धावडा, घावांच्या बाजूने. आणि अगदी खालच्या कडेला चिखलाने भरलेला एक हात आला आहे, पऱ्ह्यांची जुडी धरलेला. मॅडमना तो हात कापून हवा होता. त्या फोटोवाल्याला तसं म्हणाल्याही. तो म्हणाला, कापतो, पण मग झाडाचं बूडही जाईल.